आयीच्या लेकीचं लग्न आणि माझे पाचशे एक युआन

लोकलमध्ये लटकत ऐकत असाल, नाहीतर घरी भांडी घासता घासता, आवाज जरा वाढवा. आजची गोष्ट लग्नाची आहे आणि पैशांची आहे. म्हणजे थोडक्यात भांडणाची आहे.

सुरुवात माझ्या फजितीपासून करते. ऑक्टोबर 2018. चीनमध्ये नानछांग नावाच्या शहरात मी एका लग्नाला गेलेय. हॉलच्या दारात एक टेबल, टेबलावर लाल कापड, त्यावर लाल वही. एक गृहस्थ पाकीट उघडून नोटा मोजतायत, शेजारचा पोरगा वहीत नाव आणि आकडा लिहितोय. मी मनात म्हटलं, अरे, हे तर आपलंच! आहेर लिहायला बसलेले काका! मी ऐटीत माझं लाल पाकीट पुढे केलं. आत पाचशे एक युआन. शंभराच्या पाच नोटा आणि वर एक युआनची एक, आपल्या पद्धतीने.

गृहस्थांनी मोजलं. परत मोजलं. मग ती एकची नोट चिमटीत धरून माझ्याकडे असं पाहिलं, की मी पाकिटातून झुरळ आणलंय. वही लिहिणारा पोरगा हसायला लागला. तो नवरीचा धाकटा भाऊ, माझ्या ओळखीचा. म्हणाला, "अगं, विषम आकडा आमच्याकडे मयताला देतात. लग्नात सगळं जोडीनं." मी आपलं समजावतेय, की आमच्याकडे तो वरचा एक म्हणजे शुभ, व्यवहार तिथेच संपू नये म्हणून घालतात वगैरे. मागे रांग लागलेली. शेवटी मी खिशातून आणखी शंभर काढले, एकची नोट परत घेतली आणि वहीत माझ्या नावापुढे सहाशे लागले.

हे नोटा मोजणारे गृहस्थ म्हणजे नवरीचे मामा. ते लक्षात ठेवा, कारण हे लग्न दोन महिन्यांपूर्वी जवळपास मोडलं होतं आणि वाचलं ते या मामांमुळे.

मी 2014 पासून नानछांगला डॉक्टरकी शिकत होते. नानछांग ही ज्यांगशी प्रांताची राजधानी. आमच्या कॉलेजच्या गेटबाहेर एक छोटीशी खानावळ होती. सकाळी तांदळाच्या जाड शेवया, तिखट, शेंगदाणे आणि लोणच्याचे तुकडे घालून कालवलेल्या. संध्याकाळी सूप, छोट्या मडक्यांत भरून एका मोठ्या रांजणात निखाऱ्यावर ठेवलेलं. खानावळ चालवणाऱ्या बाईंना मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, तुम्हाला काय म्हणू? त्या म्हणाल्या, "आयी म्हण." चिनीत आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला ‘आयी’ म्हणतात, म्हणजे आपल्याकडची मावशी किंवा काकू. पण घरापासून इतक्या लांब, एकोणीस वर्षांची मी, आणि समोरची बाई म्हणतेय मला आयी म्हण. मी तिथेच शेवयांच्या वाडग्यात रडले होते.

आयीला एक मुलगी, एक मुलगा. मुलगी माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, तिला मी ‘ज्ये’ म्हणायचे, म्हणजे ताई. ज्ये एका कपड्यांच्या कंपनीत हिशोब बघायची. तिचं जमलं, त्याच प्रांतातल्या मुलाशी, दोघांनी स्वतःच जमवलेलं. आणि मग दोन्ही घरं समोरासमोर बसली ‘त्साय-ली’ ठरवायला.

त्साय-ली म्हणजे लग्न ठरताना मुलाच्या घराने मुलीच्या घराला द्यायची भेट. आता रोख रक्कम, जोडीला सोनं, दारू, मिठाई असं बरंच काही. ज्यांगशी प्रांत या बाबतीत चीनभर प्रसिद्ध आहे, किंवा बदनाम म्हणा. आयीने मागितले 1 लाख 88 हजार युआन. तेव्हाच्या भावाने आपले एकोणीस-वीस लाख रुपये. आठचा आकडा भरभराटीचा, म्हणून तो असा मिरवत येतो. मुलाकडचे म्हणाले 1 लाख 28 हजार. मुलाचे वडील बांधकामावर काम करायचे. मुलासाठी शहरात फ्लॅट घेतानाच त्यांची कंबर मोडली होती.

आता मी काय केलं, तर शहाणपणा. आयीला सरळ विचारलं, "हे म्हणजे मुलगी विकल्यासारखं नाही का?"

आयी सूप ढवळत होती. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणाली, "तुमच्याकडे मुलीचा बाप पैसे देतो म्हणे. म्हणजे तुम्ही काय, पैसे देऊन मुलगी टाकून देता?"

मंडळी, मला काही बोलता आलं नाही. कारण त्याच्या आदल्याच वर्षी माझ्या सख्ख्या ताईचं लग्न झालं होतं. आमच्याकडे हुंडा नाही हं, आम्ही सुशिक्षित. फक्त मानपान, फक्त सोफा, फक्त फ्रिज, फक्त जावयाला चेन, ‘तुमच्या हौसेनं काय ते करा’. बाबांनी त्या हौसेसाठी पतपेढीचं कर्ज काढलं होतं.

म्हणून ‘चीनमध्ये उलटा हुंडा असतो’ असं कुणी रीलमध्ये सांगितलं, तर लगेच खुश होऊ नका. उलटा नाही, वेगळा आहे. आणि तो आजचाही नाही.

‘यी-ली’ नावाचा विधींचा प्राचीन चिनी ग्रंथ आहे. त्यात लग्नाचे सहा टप्पे सांगितलेत. मागणी घालणं, मुलीचं नाव विचारणं, शकुन बघून कळवणं, मग भेटी देणं, तारीख ठरवणं आणि शेवटी नवऱ्याने स्वतः जाऊन नवरीला आणणं. यातल्या पाच टप्प्यांत मुलाकडचा माणूस हातात काय घेऊन जातो, तर रानहंस! हा पक्षी ऋतू चुकवत नाही, जोडी सोडत नाही, असा समज. एका टप्प्यात मात्र हंस नाही. तिथे काळं-लाल रेशीम आणि हरणाच्या कातड्यांची जोडी. तीच त्साय-लीची पणजी. जाता जाता सांगते, चिनीत लग्नाचं जे अक्षर आहे त्यात ‘तिन्हीसांज’ या अर्थाचं अक्षर दडलेलं आहे, कारण नवरीला संध्याकाळी आणायचे. आपला गोरज मुहूर्त आठवला ना? मलाही.

मग हंसाचं पुढे काय काय झालं! 1970 च्या दशकात चांगल्या स्थळाकडून अपेक्षा असायची ‘तीन फिरणाऱ्या आणि एक वाजणारी’. फिरणाऱ्या म्हणजे सायकल, शिलाई मशीन आणि मनगटी घड्याळ. वाजणारा रेडिओ. पैसे असूनही भागायचं नाही, कूपनं लागायची. फर्निचर मोजायचे पायांवर. ‘छत्तीस पाय’ म्हणजे पलंग, टेबल, खुर्च्या, कपाट सगळं मिळून छत्तीस पाय भरले पाहिजेत. माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे ही. लग्न ठरलंय आणि दोन घरं बसून पाय मोजतायत. 1980 च्या दशकात टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन आलं. आणि मग थेट नोटाच. काही भागांत म्हण आहे, ‘दहा हजार जांभळ्या, एक हजार लाल, आणि वर हिरवळ’. जांभळी नोट पाच युआनची, लाल शंभरची, हिरवी पन्नासची. हिशोब करा, जांभळ्या-लाल मिळूनच दीड लाख युआन झाले, हिरवळ वेगळी. शिवाय ‘एक हलणारं, एक न हलणारं’ पाहिजे. म्हणजे गाडी आणि घर.

हे आकडे फुगले कसे? एक कारण तुम्हाला माहीत असेल. 1980 च्या सुमारास एक मूल धोरण आलं, ते 2015 च्या शेवटी मागे घेतलं. मुलगाच हवा म्हणून मुली जन्माआधीच नाहीशा झाल्या. 2020 च्या जनगणनेत चीनमध्ये बायकांपेक्षा पुरुष जवळपास 3 कोटी 49 लाखांनी जास्त निघाले. खेड्यातल्या मुली कामाला शहरात गेल्या, खेड्यातली मुलं राहिली. आयीला दोन मुलं कशी, असं वाटलं असेल, तर त्याचंही उत्तर यातच आहे. बऱ्याच प्रांतांत खेड्यातल्या जोडप्याला पहिली मुलगी झाली तर दुसऱ्या मुलाची मुभा होती. हा नियम दोनदा ऐका हवं तर.

पण मला खरा प्रश्न कळला तो ज्येमुळे. आकडा किती, यावर आपण सगळे अडकतो. तिचं म्हणणं होतं, पैसे जातात कुठे ते सांग.

कारण तीच रक्कम तीन वेगळ्या गोष्टी होऊ शकते. दक्षिणेला क्वांगतुंगमध्ये बऱ्याच घरांत त्साय-ली आकड्यानं छोटी असते आणि मुलीचे आईवडील त्यातली बरीचशी परत पाठवतात. सगळी ठेवून घेणं हलकेपणाचं मानतात. तिथे ती खरंच भेट आहे. दुसरी तऱ्हा यान युनश्यांग या मानववंशशास्त्रज्ञाने लिहून ठेवलीय. हा माणूस तरुणपणी उत्तर चीनमधल्या श्याज्या नावाच्या खेड्यात राहिला होता. पुढे शिकला आणि अभ्यासाला त्याच खेड्यात परत आला. त्याला दिसलं, की तिथल्या मुली स्वतःच जास्त त्साय-ली मागतायत, आणि होणारा नवरा आतून सामील! आईबापाच्या मिळकतीतला आपला वाटा लग्नातच काढून घ्यायचा आणि वेगळा संसार थाटायचा. म्हणजे पैसे जोडप्याचे. डोकं आहे की नाही?

आणि तिसरी तऱ्हा आयीच्या घरात चालली होती. ते पैसे धाकट्या भावासाठी बाजूला काढायचे होते. त्याला फ्लॅट घ्यायचा, त्याच्या लग्नात त्साय-ली द्यायची. बहिणीची येते, भावाची जाते.

ज्येला हे कळलं ते चुकून, बँकेच्या एका कागदावरून. तिने आरडाओरडा केला नाही. खानावळीत आली, एप्रन बांधला, तासभर वाडगे धुतले आणि मग विचारलं, "आई, ही माझ्या लग्नाची बोलणी आहेत की त्याच्या?" आयी म्हणाली, "घर नसलेल्या मुलाला कोण मुलगी देतं?" ज्ये म्हणाली, "मग माझं लग्न राहू दे." आणि खरंच राहू दिलं. दोन महिने. नवऱ्या मुलाचे फोन घेईना, आईशी बोलेना. भाऊ बिचारा बावीस वर्षांचा, गल्ल्यावर मान खाली घालून बसायचा. त्यालाही कुणी विचारलं नव्हतं.

एका रविवारी मामा आले. मी कोपऱ्यात सूप पीत होते, मला कुणी ऊठ म्हटलं नाही. आयी त्यांना म्हणाली, तूच समजाव तिला. मामांनी बराच वेळ सिगरेट ओढली. मग ज्येकडे बघून म्हणाले, "तुझ्या आईच्या लग्नात एक सायकल, एक शिलाई मशीन आणि आठशे युआन आले होते. तिच्यासोबत फक्त दोन रजया गेल्या. सायकल माझ्याकडे राहिली. मशीन विकलं. आठशे युआन तुझ्या मामीच्या घरी गेले." आयी म्हणाली, "जुनं कशाला काढतोस?" ते म्हणाले, "तीस वर्षं झाली. मी ती सायकल गंजेपर्यंत वापरली. तू एकदाही काही बोलली नाहीस."

आयी आत निघून गेली. नळ चालू झाल्याचा आवाज आला. बराच वेळ चालू होता.

त्याच संध्याकाळी मामांनी मध्यस्थाला फोन केला. ठरलं असं. 1 लाख 68 हजार. त्यातले 88 हजार ज्येच्या एकटीच्या नावावर, बँकेच्या कार्डात, आणि ते कार्ड लग्नाआधी तिच्या हातात. उरलेले 80 हजार आयीकडे, भावासाठी. न्याय झाला का? अर्धा म्हणा. मुलाच्या वडिलांनी ते पैसे कुणाकुणाकडून उसने आणले, हे मी तेव्हा विचारलं नाही. आज वाटतं विचारायला हवं होतं.

आता कुणीतरी म्हणेल, कायदा नाही का? आहे ना. 1 मे 1950 ला नव्या चीनने विवाह कायदा आणला, त्यातच लग्नाच्या निमित्ताने पैसे उकळायला बंदी आहे. आजच्या नागरी संहितेतही आहे. आपल्याकडे 1961 पासून हुंडाबंदी आहे, तशीच. पण उकळणं कुठलं आणि रिवाज कुठला, हे कोण ठरवणार? मग भांडणं कोर्टात जातात, बहुतेक लग्न मोडल्यावर, पैसे परत करा म्हणून. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे नवे नियम 1 फेब्रुवारी 2024 पासून लागू झाले. रक्कम किती, ती कशावर खर्च झाली, दोघं किती काळ एकत्र राहिले, मूल आहे का, हे बघून किती परत करायचं ते ठरतं. वाढदिवसाची भेट किंवा हॉटेलचं बिल त्साय-लीत मोजायचं नाही. आणि दोघांच्या आईवडिलांनाही खटल्यात पक्षकार करता येतं. हा शेवटचा मुद्दा मला फार पटला. पैसे घेतात आईबाप आणि कोर्टात उभी राहते मुलगी, असं किती दिवस चालणार?

सरकारी मोहिमाही असतात, त्यांची गंमत वेगळीच. 2023 मध्ये ज्यांगशीतल्याच दाय-ज्या-पू या गावात अविवाहित मुलींना एकत्र बसवून ‘आम्ही जास्त त्साय-ली घेणार नाही’ अशा प्रतिज्ञेवर सह्या घेतल्या. मुलींच्या सह्या! ज्यांनी आकडा ठरवलेला नसतो, त्यांच्या. सोशल मीडियावर चिनी पोरींनी धुतलं त्यांना.

असो. लग्नाकडे चला.

सकाळी नवऱ्या मुलाला दारात अडवलं. दाराच्या फटीतून लाल पाकिटं आत सरकवल्याशिवाय, गाणी म्हटल्याशिवाय, जोर काढल्याशिवाय आत सोडत नाहीत. आपल्याकडे बूट लपवतात, तिकडे नवरीचे बूट लपवतात आणि नवऱ्याने शोधायचे. पलंगावर खजूर, शेंगदाणे, लाँगान नावाचं सुकं फळ आणि कमळाच्या बिया पसरलेल्या. चारही नावांतले उच्चार जोडले की ‘लवकर गोंडस बाळ होवो’ असा अर्थ निघतो. उच्चारांचं हे प्रकरण लय भारी. भिंतीवरचं घड्याळ भेट द्यायचं नाही, कारण ‘घड्याळ देणं’ हे ‘शेवटचा निरोप देणं’सारखं ऐकू येतं. छत्री नाही, कारण ‘छत्री’ आणि ‘पांगणं’ सारखं ऐकू येतं. तुम्ही चिनी मित्राच्या लग्नाला गेलात, तर आपली ती फेमस भिंतीवरच्या घड्याळाची भेट घरीच ठेवा.

मग चहा. नवरीने सासूला दोन्ही हातांनी कप दिला आणि पहिल्यांदा ‘मा’ म्हणाली. त्या एका हाकेबद्दल सासू पाकीट देते. त्याचं नावच ‘तोंड बदलण्याचे पैसे’. आता पाकिटात किती, तर 10,001 युआन! ‘दहा हजारांत एक अशी सून’ या अर्थाने. मी भावाला कोपर मारलं, "हा वरचा एक कसा चालला रे?" तो म्हणाला, "गप्प बस."

आयी त्या दिवशी रडली नाही. लेकीच्या रजया तिने स्वतः शिवल्या होत्या, लाल, सहा. दोन नाही, सहा. गाडीत ठेवताना तिने त्या मोजल्या आणि मग मामांनी मोजल्या.

2020 मध्ये मी परत आले. त्याच जूनमध्ये आपल्याकडे वीचॅट बंद झालं आणि आयीच्या घराशी माझा रोजचा संबंध तुटला. उरला ईमेल, तोही सणावारी. तर 2024 मध्ये ज्येचा मोठ्ठा ईमेल आला. भावाचं लग्न झालं. मुलीकडच्यांनी त्साय-ली घेतली, पण बोलणी करताना सगळ्यांसमोर भावाने होणाऱ्या बायकोला विचारलं, पैसे कुणाच्या नावावर ठेवायचे. तिच्या वडिलांना ते आवडलं नाही, पण प्रश्न विचारला गेला. आयीकडे थोडे कमी पडत होते. तिने ज्येला विचारलं, तुझ्या कार्डातले देतेस का? ज्येने लिहिलंय, "मी उसने दिले. वहीत लिहून. आई म्हणाली, भावाचं काय लिहायचं? मी म्हटलं, मामांना विचार."

सोबत एक फोटो होता. तिच्या लग्नाच्या लाल वहीचं पान. त्यात मोडक्या चिनी अक्षरांत माझं नाव, पुढे सहाशे. चीनमध्ये ही वही जपून ठेवतात. ज्याने जितकं दिलं, त्याच्या घरच्या कार्याला तितकं, शक्यतो वर थोडं घालून, परत द्यायचं असतं. देणं फिटेपर्यंत ते पान बंद होत नाही. खाली ज्येने लिहिलं होतं, "आई विचारतेय, तुझं लग्न कधी? सहाशे थांबलेत. आणि ती म्हणतेय, तुमच्या पद्धतीने वर एक युआन घालू का?"